पाणबुड्याचें घड्याळ : नवें कीं जुनें?

पावसाळा सरून समुद्राचें पाणी निवळलें म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर पाण्याखालीं उतरणाऱ्या हौशी लोकांची वर्दळ सुरू होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर वाढलेलीं प्रवाळें आणि त्यांच्या आडोशानें वावरणारे रंगीबेरंगी मासे पाहावयाचे, तर पाठीवर हवेचें नळकांडें बांधून खालीं जावें लागतें. मुंबईचे एक डॉक्टर गेलीं कित्येक वर्षें हिंवाळ्यांत न चुकतां येथें येतात. त्यांच्या मनगटावर काळ्या तबकडीचें आणि काळ्या फिरत्या कड्याचें एक पोलादी घड्याळ असतें. रोलेक्स कंपनीच्या 'सबमरिनर' या घड्याळाचा जो नमुना २०१० सालीं निघाला, त्यांतलेंच तें एक. डॉक्टरांनीं तें २०१२ सालीं नवें कोरें घेतलें, आणि तेव्हांपासून त्यांची एकहि बुडी त्याच्यावांचून झालेली नाहीं.

या डॉक्टरांपुढें एके दिवशीं अनपेक्षित असा एक प्रश्न येऊन ठेपला. त्यांच्या कैलासवासी वडिलांचे एक जुने स्नेही आहेत. मालवाहू जहाजांवर मुख्य अभियंता म्हणून त्यांनीं उभा जन्म काढला. आतां ते दादरला निवृत्तीचे दिवस घालवीत आहेत. डॉक्टर त्यांना काका म्हणतात. काकांच्या मनगटावरहि सबमरिनरच आहे. मात्र तें १९७४ सालीं सिंगापूर बंदरांत घेतलेलें. ५५१३ या क्रमांकाच्या ज्या नमुन्याचें तें आहे, तो १९६२ पासून १९८९ च्या सुमारापर्यंत निघत असे. डॉक्टर लहान असतांना काका रजेवर आले म्हणजे संध्याकाळीं गॅलरींत पत्त्यांचा डाव पडे, आणि काकांच्या मांडीशीं बसून त्यांच्या घड्याळाचें कडें इकडून तिकडे फिरवीत राहणें हा त्या मुलाचा नित्याचा खेळ असे.

"हें माझें तूं घे आणि तुझें मला दे," असें काका एके दिवशीं म्हणाले. "वर पैसा नको, कागद नको. नात आतां जहाजावर उमेदवार अभियंता म्हणून रुजूं होते आहे. तिच्या हातावर पाणी न शिरणारें, नवें, भरंवशाचें घड्याळ असावें एवढीच इच्छा. आणि माझें घड्याळ ज्याला त्याची माया आहे, त्याच्याकडे राहील."

वरवर पाहतां यांत विचार करण्यासारखें कांहींच नाहीं असें वाटेल. एकाच कुळांतलीं दोन घड्याळें. एकाला दुसरें द्यावयाचें, इतकेंच. परंतु डॉक्टरांना त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. कारण या साध्या देवघेवींत तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. घड्याळ कशासाठीं हवें, हा पहिला. जुनें घड्याळ खरोखर कोणत्या अवस्थेंत आहे, हा दुसरा. आणि एकाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसतांना केलेला सौदा न्याय्य होईल काय, हा तिसरा. यांपैकीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं असलीं घड्याळें मुळांत कां जन्मास आलीं, हें थोडें पाहिलें पाहिजे.

घड्याळाचे दोन मोठे शत्रू म्हणजे धूळ आणि पाणी. खिशांतलें घड्याळ मनगटावर आलें आणि हे दोन्ही शत्रू अधिक जवळ आले. रोलेक्सनें १९२६ सालीं 'ऑयस्टर' नांवाची पेटी काढली. शिंपल्याप्रमाणें घट्ट मिटणारी म्हणून तिला तें नांव पडलें. तिचा मागचा पत्रा, पुढची चौकट आणि किल्ली हीं तिन्हीं आट्यांवर पिळून बसविलेलीं असत. पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर १९२७ मध्यें, मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश तरुणी पुन्हां इंग्लिश खाडींत उतरली, तेव्हां तिच्या गळ्यांत असें एक घड्याळ होतें. पाणी गोठविणारें होतें. दहा तासांहून अधिक वेळ झगडल्यावर तिला त्या दिवशीं नावेंत ओढून घ्यावें लागलें. परंतु घड्याळ चालतच राहिलें. कंपनीचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनीं लंडनच्या 'डेली मेल' पत्राच्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात दिली. पोहणाऱ्याबरोबर पाण्यांत जाणारें घड्याळ लोकांच्या डोळ्यांपुढें आलें, तें असें.

तथापि पोहणें निराळें आणि बुडी मारणें निराळें. १९४३ सालीं फ्रान्समध्यें जाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनीं पाठीवरील नळकांड्यांतून हवी तेवढीच हवा तोंडाशीं आणून देणारें यंत्र सिद्ध केलें, आणि माणूस दोरीच्या व नळीच्या बंधनांतून सुटून माशासारखा मोकळा फिरूं लागला. परंतु वरून कोणी वेळ मोजणारा उरला नाहीं. तो हिशेब आतां बुडणाऱ्यानेंच ठेवावयाचा होता. १९५२ सालीं फ्रेंच आरमारानें पाण्याखालून लढणाऱ्या सैनिकांची एक तुकडी उभारली. तिचे प्रमुख कॅप्टन रोबेर मालूबिए व लेफ्टनंट क्लोद रिफो यांना बाजारांतलें एकहि घड्याळ पसंत पडेना. अखेर ब्लांपँ या स्विस कंपनीनें त्यांची गरज भागविली. तिचे चालक जां-जाक फिश्तेर हे स्वतः बुड्या मारीत. एकदां वेळेचें भान सुटून खोल पाण्यांत त्यांची हवा संपली होती. त्यामुळें काय हवें हें त्यांना कोणीं सांगावयास नको होतें. १९५३ सालीं त्यांनीं काढलेल्या घड्याळाचें नांव 'फिफ्टी फॅदम्स', म्हणजे पन्नास वांव. एक वांव म्हणजे सहा फूट. तेव्हां पन्नास वांव म्हणजे सुमारें ९१ मीटर. रोलेक्सचें सबमरिनरहि त्याच वर्षींचें. तें १९५४ सालीं बाझेलच्या जत्रेंत लोकांपुढें मांडण्यांत आलें.

या दोन्हीं घड्याळांत ध्यानांत घेण्यासारखी वस्तु आहे ती म्हणजे भोंवतालचें फिरतें कडें. त्याच्यावर ६० मिनिटांचे आंकडे असतात आणि शून्याच्या जागीं एक त्रिकोण असतो. पाण्यांत शिरतेवेळीं तो त्रिकोण मिनिटकांट्यासमोर आणून ठेवावयाचा. पुढें केव्हांहि पाहिलें तरी कांटा कड्यावरील ज्या आंकड्यासमोर असेल, तितकीं मिनिटें पाण्याखालीं गेलीं असें समजावें. बेरीज नको, वजाबाकी नको. खोल पाण्यांत गेलेल्या माणसाची बुद्धि मंदावते. त्या वेळीं त्याला गणित न पडावें यांतच या युक्तीचें महत्त्व आहे.

मिनिटें इतक्या काटेकोरपणानें कां मोजावयाचीं? खालीं जावें तसा पाण्याचा दाब वाढतो. दर १० मीटरला जवळजवळ एका वातावरणाइतका. त्या दाबाखालीं श्वासाबरोबर आंत गेलेल्या हवेंतील नत्रवायु रक्तांत व शरीराच्या इतर भागांत विरघळत जातो. जितकें खोल आणि जितका वेळ, तितका तो अधिक. माणूस झटक्यानें वर आला तर सोडावॉटरची बाटली उघडल्यावर निघतात तसे त्या वायूचे बुडबुडे शरीरांत निघतात, आणि सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत, प्रसंगीं मृत्यूपर्यंतहि परिणाम होतो. अमेरिकन आरमाराच्या जुन्या तक्त्यांत याच्या मर्यादा घालून दिलेल्या होत्या. ६० फुटांवर ६० मिनिटें राहून माणूस मध्यें न थांबतां वर येऊं शके. १०० फुटांवर हीच मुदत अवघी २५ मिनिटांची असे. तेव्हां दहा मिनिटांची चूक ही जमिनीवर गाडी चुकण्याइतकी, परंतु पाण्याखालीं जन्माचें पांगळेपण आणण्याइतकी ठरते.

आतां हीं दोन सबमरिनर घड्याळें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं तर त्यांच्यांतील छत्तीस वर्षांचें अंतर पायरीपायरीनें उलगडत जातें. काकांच्या घड्याळावरील कांच ही वस्तुतः कांच नव्हे. ती घुमटासारखी फुगीर असलेली अक्रिलिकची चकती आहे. तिला ओरखडे लवकर पडतात, पण घासून ते काढतांहि येतात, आणि धक्क्यानें ती सहसा फुटत नाहीं. डॉक्टरांच्या घड्याळावर नीलमण्याच्या जातीची कृत्रिम स्फटिकाची कांच आहे; तिला ओरखडा काढणें कठीण, पण वर्मी घाव बसला तर ती एकदम फुटते. जुन्याचें कडें दोन्ही बाजूंना फिरतें आणि त्यावरील काळी पट्टी ॲल्युमिनिअमची आहे. पन्नास वर्षांच्या उन्हानें ती राखी झाली आहे. नव्याचें कडें एकाच बाजूला फिरतें. खडकाचा धक्का लागून तें सरकलेंच, तर गेलेलीं मिनिटें खऱ्याहून अधिकच दिसतील, आणि माणूस लवकर वर येईल. उशीर मात्र होणार नाहीं. एवढ्याशा अडकणीनें चुकीची दिशाच सुरक्षिततेकडे वळविली आहे. नव्याच्या कड्यावरील काळा भाग चिनीमातीच्या जातीच्या कठीण पदार्थाचा असल्यानें तो फिकटत नाहीं. घाव बसला तर मात्र तडकूं शकतो.

जुन्यावर २०० मीटर असें लिहिलें आहे, नव्यावर ३०० मीटर. जुन्याचें तोलचक्र तासाला १९,८०० ठोके घेतें, नव्याचें २८,८००. म्हणून नव्याचा सेकंदकांटा जास्त सलग सरकतो आणि वेळहि अधिक नेमका राखला जातो. नव्याच्या पट्ट्याची कडी दोन दोन मिलिमीटरनीं सैल करतां येते, म्हणजे तो जाड रबरी पोषाखावरूनहि बसतो. जुन्याचा पट्टा पातळ, हलका आणि थोडा खुळखुळणारा. पण जुनें घड्याळ अंगानें सडपातळ आहे, आणि तारखेची खिडकी नसल्यामुळें त्याच्या तबकडीला एक प्रकारची शांत समतोलता आहे. ज्यानें दोन्हीं हातांत घेऊन पाहिलीं आहेत, तो जुन्याला सुंदर म्हणेल आणि नव्याला भक्कम म्हणेल, आणि दोन्ही बाबतींत त्याचें बरोबर असेल.

अंधारांत चमकणाऱ्या खुणांची कथा तर स्वतंत्रच आहे. सुरुवातीला तबकड्यांवर रेडियमचा लेप देत. १९१७ नंतर अमेरिकेंतील न्यू जर्सी व इतर ठिकाणच्या कारखान्यांत तरुण मुली हा लेप कुंचल्यानें लावीत, आणि कुंचल्याला टोंक यावें म्हणून तो ओठांनीं सारखा करीत. त्यांतून कित्येकींचीं जबड्याचीं हाडें सडलीं व कित्येकींना मरण आलें. त्यांपैकीं पांच जणींनीं १९२७ सालीं कारखान्यावर खटला भरला आणि १९२८ सालीं त्याची तडजोड झाली. रेडियमची शक्ति निम्मी होण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात; त्यामुळें त्या काळच्या घड्याळाची चमक विझली तरी विकिरण कायम असतें, आणि अशा घड्याळाची पेटी घरीं उघडूं नये. १९६० नंतरच्या दशकांत त्याची जागा ट्रिशियमनें घेतली. त्याचें विकिरण इतकें दुबळें कीं तें कांचेपलीकडे येत नाहीं, आणि सव्वाबारा वर्षांत त्याची शक्ति निम्मी होते. काकांचें घड्याळ या ट्रिशियमचें. पन्नास वर्षांत त्याच्या शक्तीचा सोळावा हिस्साहि धड उरला नाहीं. शुभ्र ठिपके सायीच्या रंगाचे झाले आहेत आणि अंधारांत ते दिसत नाहींत. या सायीसारख्या पिवळेपणावरच जुन्या घड्याळांचे शौकीन लुब्ध होतात. नव्या घड्याळांत प्रकाश पिऊन घेऊन तो रात्रभर सोडणारा, विकिरणरहित लेप असतो. सारांश, जुन्यांत जें मोलाचें मानलें जातें, तेंच पाण्याखालीं निरुपयोगी ठरतें.

पाणबुड्याच्या घड्याळानें काय काय केलें पाहिजे याविषयीं 'आयएसओ ६४२५' नांवाचा एक आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो १९९६ व २०१८ सालीं सुधारण्यांत आला. किमान १०० मीटरची क्षमता, लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाची कसोटी, आणि काळोखांत २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचतां येणें, या त्यांतल्या मुख्य अटी. परंतु घड्याळावर कोरलेला मीटरचा आंकडा हा तें कारखान्यांतून बाहेर पडलें त्या दिवसापुरता खरा असतो, हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. पाणी अडवितें तें पोलाद नव्हे. पोलादाच्या सांध्यांत बसविलेल्या रबरी कड्या. रबर वाळतें, कडक होतें, भेगाळतें. २०० मीटर हे आंकडे तबकडीवर तसेच राहतात आणि आंतलें रबर मात्र म्हातारें होतें.

डॉक्टर काकांच्या परवानगीनें तें घड्याळ घेऊन गिरगांवांतील एका वृद्ध घड्याळजींकडे गेले. दुकान लहान, पण तेथें घाई नव्हती. घड्याळजींनीं प्रथम भिंग लावून तबकडी पाहिली. त्यांच्या पाहण्याला एक कारण होतें. घड्याळाची तबकडी जुनाट झाली कीं ती खरडून नव्यानें रंगविण्याची विद्या मुंबईच्या कारागिरांत पूर्वींपासून आहे. ज्यांना घड्याळ रोज वापरावयाचें, त्यांना ती उपकारकच होती. डागाळलेली तबकडी पुन्हां स्वच्छ दिसे. परंतु पुढें जुन्या घड्याळांचा जागतिक बाजार वाढला, रंगविलेल्या तबकड्या अस्सल म्हणून विकल्या जाऊं लागल्या, आणि परदेशांतील शौकिनांत अशा घड्याळाला मुंबईच्याच नांवानें हिणविण्याची रीत पडली. कारागिराचा हात वाईट नव्हता. वाईट होतें तें खरी गोष्ट लपविणें.

घड्याळजींनीं पट्टा उतरवून शिंगांच्या मधला क्रमांक वाचला. तो घड्याळाच्या वयाशीं जुळत होता. मग त्यांनीं दुकानाचा दिवा मालवून तबकडीवर क्षणभर विजेची बत्ती धरली व विझविली. तबकडीवरील ठिपके लागलीच काळवंडले. कांटे मात्र हिरवट रंगानें कितीतरी वेळ चमकत राहिले. "तबकडी मूळची आहे," ते म्हणाले. "कांटे मागाहून बदललेले आहेत." मागचा पत्रा काढल्यावर किल्लीच्या नळीपाशीं गंजाचा एक तांबूस ठिपका सांपडला. रबरी कडी बोटानें दाबतांच तिचे तुकडे झाले. घड्याळ दिवसाला दहाबारा सेकंद मागें पडत होतें. वयाच्या मानानें तें वाईट नव्हतें. पेटी फारशी घासली गेलेली नव्हती, शिंगें जाड व कोनदार होतीं.

"कड्या बदलून, तेलपाणी करून घड्याळ अजून पुष्कळ वर्षें चालेल," असें घड्याळजींनीं सांगितलें. "हवेच्या दाबाची परीक्षाहि कदाचित् पास होईल. पण डॉक्टरसाहेब, समुद्रांत मात्र नेऊं नका. पाणी शिरलें आणि ही तबकडी गेली, तर हिच्या वयाची दुसरी मिळेलच असें नाहीं. आणि मूळ कारखान्याकडे पाठवावयाचें असेल तर आधीं विचारून घ्या. जुन्या खुणा जाऊन नवी तबकडी बसून आली, तर घड्याळ नवें होईल, पण हें घड्याळ राहणार नाहीं."

एवढ्यानें पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं. डॉक्टरांना घड्याळ बुडीसाठीं हवें असेल तर अदलाबदलींत त्यांचें नुकसान होतें; नुसतें पाहण्यासाठीं व माया करण्यासाठीं हवें असेल तर लाभ होतो. खरें म्हणजे हल्लीं पाण्याखालीं खोली व वेळ मोजण्याचें काम मनगटावरील लहानसा संगणक करतो, आणि घड्याळ हा दुय्यम आधार झाला आहे. तेव्हां नव्याची निकड पूर्वींइतकी नाहीं, असाहि युक्तिवाद डॉक्टरांच्या मनांत आला. ज्याला एखादी गोष्ट हवीशी झालेली असते, त्याला कारणें लवकर सुचतात.

परंतु तिसरा प्रश्न उरलाच होता. मूळ तबकडी, न घासलेली पेटी, पहिल्याच मालकाच्या हातीं पन्नास वर्षें राहिलेलें घड्याळ, या गोष्टी शौकिनांच्या बाजारांत काय मोल पावतात, हें डॉक्टरांना ठाऊक होतें आणि काकांना नव्हतें. काकांच्या लेखीं तें एक जुनें, मागें पडणारें घड्याळ होतें, आणि त्याच्या बदल्यांत आपण नवें मागतों आहों याचाच त्यांना संकोच वाटत होता. भाव स्थिर नसतो हें खरें. २०२१ सालीं व २०२२ च्या आरंभीं अशा घड्याळांचे भाव भलतेच चढले आणि मग उतरले. तरीहि जाणत्याला जी गोष्ट ठाऊक आहे ती नेणत्यापासून लपवून केलेली देवघेव, मग ती कितीहि प्रेमाची असो, फसवणुकींतच जमा होते. मौनानेंहि खोटें बोलतां येतें. आणि येथें तर वडिलांच्या जागीं असलेल्या माणसाशीं गांठ होती.

डॉक्टर दुसऱ्याच दिवशीं दादरला गेले आणि त्यांनीं सर्व कांहीं सांगितलें. तबकडी अस्सल असल्याचें सांगितलें, कांटे बदललेले असल्याचें सांगितलें, गंजाचा ठिपका सांगितला, आणि शेवटीं, "काका, तुम्हांला वाटतें त्याहून हें घड्याळ बरेंच मोलाचें असण्याचा संभव आहे," हेंहि सांगितलें. कांटे केव्हां बदलले हें काकांना आठवलें. एका बंदरांत घड्याळ दुरुस्तीला दिलें होतें, तेव्हांचे ते. बाकीचें ऐकून ते हंसले. "मग तर तूंच घे," ते म्हणाले. "परक्याच्या हातीं जाऊन पेटींत बंद होण्यापेक्षां तें बरें."

अशा रीतीनें सत्य सांगूनहि पेंच सुटला नाहीं. उलट काकांच्या औदार्यानें तो अधिकच घट्ट झाला. आतां घड्याळ घेण्यास कोणतीहि आडकाठी उरली नव्हती. समोरचा सर्व जाणून देत होता आणि घेणाऱ्याला तें लहानपणापासून हवें होतें. तेव्हां डॉक्टरांच्या ध्यानांत एक गोष्ट आली. ज्या मुलीच्या नांवानें हा सारा बेत चालला होता, तिला कोणींच कांहीं विचारलेलें नव्हतें. त्यांनीं काकांना सुचविलें कीं, आधीं नातीला विचारूं आणि मग ठरवूं.

नात आली. तिनें दोन्हीं घड्याळें पाहिलीं. नव्याची तिनें तारीफ केली. परंतु तिचें म्हणणें निराळेंच निघालें. यंत्रघरांत काम करतांना हातावर धातूचें घड्याळ ठेवूंच नये असें शिकवितात. फिरत्या यंत्रांत पट्टा अडकूं शकतो आणि विजेच्या तारांपाशीं पोलाद घात करतें. हें आजोबांनाहि ठाऊक असावयास हवें, असें ती म्हणाली. त्यावर काकांनीं कबूल केलें कीं, तेहि खालीं उतरतांना घड्याळ काढून खिशांत ठेवीत, आणि म्हणूनच तें इतकें शाबूत राहिलें. किनाऱ्यावर उतरल्यावर घालण्यासाठीं म्हणाल तर, नात म्हणाली, "मला आजोबांचेंच घड्याळ आवडेल. डॉक्टरकाकांचें घड्याळ छान आहे, पण त्याच्याशीं माझी ओळख नाहीं." जहाजावर रोजच्या वापरासाठीं तिनें रबरी पट्ट्याचें, बॅटरीवर चालणारें, थोडक्या किंमतीचें एक जपानी घड्याळ आधींच घेऊन ठेवलें होतें.

याप्रमाणें अदलाबदल झाली नाहीं. काकांच्या घड्याळाच्या रबरी कड्या बदलण्यांत आल्या, गंज साफ झाला, तेलपाणी झालें. तबकडीला कोणीं हात लावला नाहीं, आणि मागाहून बसविलेले कांटेहि तसेच ठेवण्यांत आले, कारण तेहि त्या घड्याळाच्या आयुष्याचाच भाग होते. घड्याळजींकडून त्याच्या सद्यःस्थितीची एक लेखी नोंद मात्र करून घेतली; पुढें केव्हां कोणीं विचारलें तर नातीला खरें तें सांगतां यावें म्हणून. घड्याळ समुद्रांत न्यावयाचें नाहीं, हेंहि त्या नोंदींत लिहिलें आहे.

डॉक्टरांना हळहळ वाटली नाहीं असें नाहीं. ज्या कड्याशीं ते लहानपणीं खेळले, तें त्यांच्या हातीं येऊन गेलें. परंतु पुढच्याच हिंवाळ्यांत मालवणला १४ मीटरांवर असतांना त्यांच्या मनगटावरील संगणकाची बॅटरी संपली आणि त्याचा पडदा कोरा झाला. पाण्यांत शिरतांना संवयीनें त्यांनीं घड्याळाचें कडें लावलेलें होतें. मिनिटकांटा २२ या आंकड्यासमोर होता. डॉक्टरांनीं सोबत्याला खूण केली, दोघे हळूहळू वर आले, ५ मीटरांवर येतांच त्यांनीं त्याच कड्यावर तीन मिनिटें मोजलीं, आणि मग पाण्याबाहेर डोकें काढलें. संकट असें कांहींच घडलें नाहीं. घड्याळ ज्या कामासाठीं केलेलें असतें तें त्यानें केलें, इतकेंच.

नव्या वस्तूच्या बदल्यांत जुनी घ्यावी कीं न घ्यावी, याला सर्वांना लागू पडेल असें एकच उत्तर नाहीं. जो पाण्यांत उतरत नाहीं, ज्याला जुन्या कारागिरीचा लळा आहे आणि जो तिची निगा राखील, त्यानें जुनें घड्याळ अवश्य घ्यावें; मात्र पेटी उघडून पाहिल्यावांचून आणि देणाऱ्याला आपणांस ठाऊक असलेलें सर्व सांगितल्यावांचून घेऊं नये. जो उतरतो, त्यानें आधीं आपल्या श्वासाचा हिशेब पाहावा. आणि दोघांनींहि एक गोष्ट तपासून घ्यावी. ज्याच्यासाठीं म्हणून हा सौदा चालला आहे, त्याला तो हवा आहे काय? गिरगांवच्या घड्याळजींजवळ सांपडणार नाहीं असें तेवढें एक उत्तर आहे. तें घरींच विचारून घ्यावें लागतें.